स्टिकरवर न छापलेले आकडे: अभ्यास आणि गेमिंग, दोन्हींसाठी परवडणारा लॅपटॉप

मायक्रॉन ही जगातल्या तीन मोठ्या मेमरी उत्पादकांपैकी एक. डिसेंबर २०२५ मध्ये तिने जाहीर केलं, की सामान्य ग्राहकांना रॅम (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) आणि एसएसडी (साठवणीची मेमरी) विकणारा आपला ‘क्रुशियल’ हा जवळपास तीस वर्षांचा ब्रँड आता बंद होणार. कारण सरळ होतं. एआयसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरना मेमरी हवी आहे आणि ती विकत घेण्यात किरकोळ ग्राहक त्यांच्यापुढे टिकत नाही. मेमरीचे भाव तर त्याआधीच चढू लागले होते. त्याच्या दोनच महिने आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला होता. म्हणजे अनेक घरांत जुना लॅपटॉप बदलायचा विषय निघाला, तोही नेमका भाव चढत असताना.

त्यात घरातला विद्यार्थी म्हणतो, “अभ्यासासाठी लॅपटॉप हवाय.” मग जरा थांबून, “थोडं गेमिंगही होईल असा.” हे ‘थोडं’ किती ते सगळ्यांना माहीत असतं. पण मागणी चुकीची नाही. एकाच यंत्रात दोन्ही बसतं आणि त्यासाठी सगळ्यात महागडं मॉडेल लागत नाही. फक्त लॅपटॉपवर चिकटवलेल्या चकचकीत स्टिकरांवरून निवड करता येत नाही, कारण खरा फरक पाडणारे आकडे बहुतेक वेळा तिथे छापलेलेच नसतात.

आधी खेळांची नावं लिहा

‘गेमिंगसाठी’ हा शब्द लॅपटॉप निवडायला निरुपयोगी आहे. व्हॅलोरंट हा खेळ चालवायला किमान लागणारं ग्राफिक्स म्हणून त्याची कंपनी इंटेल एचडी ४००० हे नाव देते. ते २०१२ सालचं, प्रोसेसरच्याच पोटात असलेलं साधं ग्राफिक्स आहे. दुसऱ्या टोकाला बाल्डर्स गेट ३ हा खेळ आहे. त्याला किमान ४ जीबी स्वतःची मेमरी असलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि साठवणीसाठी एसएसडीवर १५० जीबी मोकळी जागा. दोन्ही ‘गेमिंग’च. एकाला सायकल पुरते, दुसऱ्याला ट्रक लागतो.

तेव्हा पहिलं काम कागद-पेन्सिलीचं. खरोखर खेळले जाणारे तीन-चार खेळ लिहायचे. पुढे कधीतरी खेळू, असे दहा नकोत. प्रत्येक खेळाच्या पानावर ‘किमान’ आणि ‘शिफारस केलेली’ अशा दोन याद्या असतात. किमान म्हणजे खेळ सुरू होईल इतकंच. खेळताना चिडचिड होऊ नये असं वाटत असेल, तर दुसरी यादी वाचायची.

अभ्यासाचं म्हणाल, तर निबंध, सादरीकरण, व्हिडिओ वर्ग आणि ब्राउझरमधल्या वीस उघड्या टॅब यांना ग्राफिक्स कार्डाची गरज पडत नाही. अपवाद आहेत: त्रिमितीय आरेखन, ॲनिमेशन, व्हिडिओ संपादन. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर अभ्यासक्रमात असेल, तर गेमिंगसाठी घेतलेलं कार्ड अभ्यासालाही तितकंच कामी येतं. घरी पटवून द्यायला हा मुद्दा चांगला आहे, आणि तो खराही आहे.

ग्राफिक्स कार्ड करतं तरी काय?

नेहमीचा फुल एचडी पडदा आडवा १९२० आणि उभा १०८० ठिपक्यांचा असतो. गुणाकार केला तर २० लाख ७३ हजार ६०० ठिपके होतात. खेळ सुरळीत दिसायचा तर ही अख्खी भिंत सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावी लागते, म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवायला उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, याचं गणित वेगळंच.

प्रोसेसर हा हुशार मुकादम आहे. तो अवघड निर्णय चटचट घेतो, पण त्याला हात मोजकेच. ग्राफिक्स कार्ड म्हणजे रंगाऱ्यांची फौज. एकेकटा रंगारी फार हुशार नाही, पण संख्या दांडगी. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०५० या एनव्हीडियाच्या कार्डात असे २५६० छोटे गणक असतात. भिंत रंगवायला मुकादम नको, फौज हवी. एवढं कळलं की निम्मा विषय संपला.

फौजेला रंगाचे डबे ठेवायला स्वतःची खोली लागते. ती म्हणजे कार्डाची मेमरी, व्हीरॅम. खोली भरली की डबे लांबच्या गोदामातून, म्हणजे लॅपटॉपच्या रॅममधून, आणावे लागतात आणि खेळ मध्येच अडखळतो. नव्या मोठ्या खेळांना ४ जीबीची खोली आता अपुरी पडते. ६ जीबीमध्ये मध्यम सेटिंगवर भागतं, ८ असेल तर उत्तम. एकाच नावाच्या कार्डातही हा आकडा बदलू शकतो: आरटीएक्स ३०५० लॅपटॉपसाठी ४ जीबीतही आलं आणि ६ जीबीतही.

एकाच नावाचं कार्ड दोन लॅपटॉपमध्ये वेगळं कसं चालतं?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा इथे येतो: वॉट.

फौज कितीही मोठी असो, तिला खायला घालावं लागतं. कार्डाला जास्तीत जास्त किती वीज मिळेल हे लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते, कारण तेवढी उष्णता बाहेर फेकण्याची सोय तिलाच करायची असते. या मर्यादेला टीजीपी म्हणतात. आरटीएक्स ४०५० साठी एनव्हीडियाने ही मर्यादा ३५ पासून ११५ वॉटपर्यंत मोकळी ठेवली आहे. दोन लॅपटॉपवर एकच स्टिकर, एकच नाव. पण एकाच्या रंगाऱ्यांना भरपेट आणि दुसऱ्याच्या रंगाऱ्यांना अर्धपोटी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या दुसऱ्याची गत.

बारीक, देखण्या लॅपटॉपमध्ये हा आकडा सहसा खाली असतो, कारण पातळ अंगात पंखे आणि तांब्याच्या नळ्या मावत नाहीत. कमी वॉटचं वरच्या नंबराचं कार्ड आणि भरपूर वॉटचं त्याच्या खालच्या नंबराचं कार्ड यांच्यातलं अंतर कधी कधी इतकं कमी होतं, की वरच्या नंबरासाठी मोजलेले पैसे पाण्यात जातात. टीजीपी कंपनीच्या संकेतस्थळावर, त्या मॉडेलच्या तपशिलाच्या पानावर तळाशी सापडते. पूर्ण मॉडेल क्रमांक टाकूनच शोधा. एकाच नावाच्या मालिकेतही हा आकडा बदलतो.

इथेच आणखी एक गफलत होते. व्हिडिओंमध्ये दिसणारे वेगाचे आकडे पुष्कळदा डेस्कटॉपच्या कार्डाचे असतात. आरटीएक्स ४०९० डेस्कटॉपवर १६,३८४ गणकांचं आहे आणि लॅपटॉपवर ९,७२८ गणकांचं. नाव मात्र तेच. स्वस्त कार्डांत हे अंतर इतकं मोठं नसतं, पण तुलना पाहताना ‘लॅपटॉप’ हा शब्द तिथे आहे ना, हे बघायला विसरू नका.

प्रोसेसरचा नंबर मोठा, म्हणजे प्रोसेसर नवा?

तसं नाही. एएमडीचे रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०एचएस घ्या. दोन्ही ‘रायझन ५’, दोन्हींची सुरुवात ७ ने. पण या मालिकेत प्रोसेसरची आतली रचना तिसरा अंक सांगतो. पहिल्यात तो २ आहे, म्हणजे २०१९ साली आलेली झेन २ ही रचना आणि ४ कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग, मुकादमाचे हात). दुसऱ्यात तो ४ आहे, म्हणजे २०२२ ची झेन ४ आणि ६ कोअर. पहिला प्रोसेसर निबंध लिहायला वाईट नाही, पण खेळाच्या आशेने घेतलात तर पस्तावाल.

शेवटचं अक्षरही बघायचं. इंटेलमध्ये ‘यू’ म्हणजे साधारण १५ वॉटचा, बॅटरी जपणारा प्रोसेसर. ‘एच’ म्हणजे ४५ वॉटच्या आसपासचा ताकदवान. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेणार असाल तर सोबत ‘एच’ बरा. मात्र नावातल्या ५ हून वरच्या, ७ किंवा ९ च्या पायरीवर जायला पैसे घालू नका. विद्यार्थ्याच्या बजेटमध्ये खेळ अडतो तो बहुतेकदा ग्राफिक्सपाशी. मुकादम आणखी हुशार आणला म्हणून रंगारी वाढत नाहीत.

रॅम: ‘आत्ता ८ घ्या, नंतर वाढवा’

वर्षानुवर्षं मीही हाच सल्ला देत आलो. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप घ्या, वर्षभराने सुटी पट्टी घालून १६ करा, पैसे वाचतील. आता तो सल्ला मी मागे घेतोय. सुटी रॅम महागल्यावर त्यात बचत उरत नाही. शिवाय अनेक बारीक लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर डागलेली असते, ती वाढवताच येत नाही. तेव्हा १६ जीबी पहिल्या दिवसापासून असू द्या. विंडोज ११, ब्राउझर आणि एखादा मोठा खेळ मिळून ८ जीबी सहज खाऊन टाकतात. ३२ ची गरज या बजेटच्या विद्यार्थ्याला सहसा पडत नाही.

१६ जीबी कशी बसवली आहे, तेही बघा. रॅमची एक पट्टी म्हणजे गोदामाचा एक दरवाजा, दोन पट्ट्या म्हणजे दोन दरवाजे. माल तितकाच, पण ये-जा दुप्पट. याला ड्युअल चॅनल म्हणतात. ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, त्याच्या रंगाऱ्यांना स्वतःची खोलीच नसते. ते या सामायिक गोदामातूनच डबे उचलतात. तिथे दुसरा दरवाजा फार मोठा फरक पाडतो. इतका, की इंटेलचं आयरिस एक्सई हे ग्राफिक्स एकाच पट्टीवर चालत असेल तर विंडोज त्याला ते नावसुद्धा देत नाही, साधं ‘यूएचडी ग्राफिक्स’ म्हणून दाखवते.

माझ्या एका जुन्या लॅपटॉपचं हेच झालं होतं. खोक्यावर एक नाव, विंडोजमध्ये दुसरं. फसवणूक झाली असं समजून मी आठवडाभर धुसफुसत होतो. शेवटी रॅमची आणखी एक पट्टी घातली आणि नाव आपोआप बदललं. फसवलं कुणीच नव्हतं, मीच अर्धवट वाचलं होतं.

गेमिंग लॅपटॉप रोज वर्गात न्यायचा?

ही शंका अगदी रास्त आहे. गेमिंगचे लॅपटॉप सहसा दोन किलोंच्या वर जातात आणि चार्जर म्हणजे विटेसारखा ठोकळा. त्यात बॅटरीचं गणित कठोर आहे. समजा बॅटरी ५० वॉट-तासांची आहे. टिपणं काढताना लॅपटॉप १० वॉटच्या आसपास खात असेल, तर पाच तास मिळतात. खेळताना तोच शंभरी ओलांडतो, म्हणजे अर्धा तासही नाही. शिवाय बॅटरीतून एवढी वीज एका दमात मिळत नाही, म्हणून लॅपटॉप आपणहून ग्राफिक्सचा वेग उतरवतो. थोडक्यात, गेमिंग प्लगला लावूनच होतं. ‘दिवसभर बॅटरी आणि कुठेही गेमिंग’ असं कुणी सांगत असेल, तर त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग किंवा दुसरा अर्धा भाग, यातला एकच खरा धरा.

वर्गासाठी मात्र उपाय आहे. घेताना दोन गोष्टी पाहायच्या: बॅटरी किती वॉट-तासांची आहे, आणि यूएसबी-सी पोर्टमधून चार्जिंग होतं का. होत असेल तर विटेचा ठोकळा घरीच राहतो आणि दप्तरात फोनच्या चार्जरहून जरा मोठा चार्जर जातो. त्यावर गेमिंग होणार नाही, पण लिहिणं-वाचणं निभतं. पंख्यांचा आवाज ही वर्गातली दुसरी अडचण. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ‘शांत’ मोड असतो. तो लावायचा आणि ग्राफिक्स कार्ड झोपेत ठेवायचं.

रोज लांबचा प्रवास असेल, सहा-सात तास प्लग मिळणारच नसेल आणि खेळ फक्त सुट्टीच्या दिवशी होत असेल, तर माझं स्पष्ट मत असं: साधा, हलका लॅपटॉप घ्या आणि उरलेल्या पैशांत घरी वापरलेला गेमिंग कन्सोल आणा. एकाच यंत्राचा हट्ट धरला की कधी कधी अभ्यासही अवघडतो आणि खेळही.

पडदा आणि साठवण

इथे फार डोकं खपवायला नको. फुल एचडी पुरे. त्याहून बारीक ठिपक्यांचा पडदा म्हणजे रंगवायची भिंत मोठी. फोर-केमध्ये ती बरोबर चौपट होते आणि स्वस्त कार्डाचा दम निघतो. १४४ हर्ट्झचा पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकतो. नेमबाजीच्या खेळात त्याचा फायदा जाणवतो, पण कार्ड तेवढी चित्रं काढू शकत असेल तरच. स्वस्त गेमिंग लॅपटॉपमध्ये कंपन्या काटकसर करतात ती रंगांत. तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ दिसलं तर रंग फिके असणार. खेळायला चालेल, चित्रकला किंवा फोटोंचं काम शिकणाऱ्याने टाळावं.

साठवण एसएसडीच हवी, ५१२ जीबी किमान. विंडोजमध्ये ती ४७६ जीबीच दिसते, म्हणून घाबरू नका. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत, एवढाच तो फरक. काही अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये एसएसडीऐवजी ईएमएमसी असते. तो फोनमधल्यासारखा संथ प्रकार, त्याच्या वाटेला जाऊ नका. एसएसडीसाठी दुसरी मोकळी खाच असेल तर पुढे जागा वाढवता येते.

वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता भागेल का?

यादीत माइनक्राफ्ट आणि व्हॅलोरंटसारखेच खेळ असतील, तर भागेल. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स अलीकडे बरंच सुधारलं आहे. एएमडीचं रेडिऑन ७८०एम किंवा इंटेलचं नवं आर्क ग्राफिक्स, सोबत ड्युअल चॅनल रॅम असेल, तर थोडे जुने मोठे खेळही सेटिंग उतरवून खेळता येतात. असा लॅपटॉप हलका असतो आणि त्याची बॅटरी टिकते.

आणखी एक युक्ती मदतीला येते: अपस्केलिंग. भिंत निम्म्याहून कमी रंगवायची आणि उरलेली अंदाजाने भरून काढायची. एनव्हीडियाच्या आरटीएक्स कार्डांवर याला डीएलएसएस म्हणतात. फुल एचडी पडद्यावर त्याच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये मूळ चित्र १२८० बाय ७२० एवढंच काढलं जातं, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास ठिपके. एएमडीच्या अशाच तंत्राचं नाव एफएसआर, आणि त्याच्या आधीच्या आवृत्त्या इतर कंपन्यांच्या ग्राफिक्सवरही चालतात. स्वस्त कार्डाचं आयुष्य यामुळे वाढतं हे खरं, पण खेळात ती सोय असावी लागते.

मॅकबुक, क्रोमबुक किंवा आर्मचा लॅपटॉप?

अभ्यासाला तिन्ही छान, बॅटरीला तर फारच. अडचण खेळांची. बाल्डर्स गेट ३ मॅकवर आहे, व्हॅलोरंट नाही. म्हणजे पुन्हा आपल्या यादीकडेच वळायचं. क्रोमबुकवर, म्हणजे गूगलच्या क्रोमओएसवर चालणाऱ्या लॅपटॉपवर, स्टीम (संगणकावरचे खेळ विकणारं आणि चालवणारं ॲप) चालवण्याचा प्रयोग गूगलने १ जानेवारी २०२६ पासून बंद केला. तिथे आता क्लाउड गेमिंग, म्हणजे दूरच्या संगणकावर खेळ चालवून इकडे नुसतं चित्र पाहणं, हाच मुख्य मार्ग उरतो. त्याला वेगवान आणि स्थिर इंटरनेट लागतं.

आर्म ही इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांहून वेगळी रचना. म्हणून स्नॅपड्रॅगनसारखे आर्म प्रोसेसर असलेले विंडोज लॅपटॉप पुष्कळ प्रोग्राम अनुवाद करून चालवतात. पण ऑनलाइन खेळांतली चीटिंग रोखणारी सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात उतरून काम करतात, आणि गाभ्यात असा अनुवाद चालत नाही. खेळ बनवणाऱ्याने ती आर्मसाठी मुद्दाम तयार केली असतील, तरच खेळ सुरू होतो.

वापरलेला घेतला तर?

बजेट तुटपुंजं असेल तर हा चांगला रस्ता आहे, डोळे उघडे ठेवून. विंडोज ११ ला साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका आणि त्यापुढचे प्रोसेसर चालतात, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते. जुन्या यंत्रावर आडवाटेने विंडोज ११ चढवून विकलेले लॅपटॉप मिळतात. ते वरवर ठीक चालतात, पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होतानाच तपासणी करणारी सोय) तपासतो आणि नसेल तर उघडत नाही. पोराचा मुख्य खेळच तो असेल, तर मग बसा रडत.

वापरलेला असो वा नवा, परत करण्याची मुदत संपायच्या आत एक संध्याकाळ राखून ठेवा. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती खाचा भरल्या आहेत ते दिसतं: दोनपैकी एक की दोन्ही. एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडलं की कार्डाची वॉटची मर्यादा वाचता येते. ती संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून बघा. मग लॅपटॉप प्लगला लावून, टेबलावर ठेवून, यादीतला सगळ्यात जड खेळ अर्धा तास चालवा. पलंगावर नको, गादीने खालच्या झडपा बुजतात. पहिल्या पाच मिनिटांतला वेग बघून खूश होऊ नका, तेव्हा यंत्र थंडच असतं. खरा वेग विसाव्या मिनिटाला दिसतो, पंखे पूर्ण ताकदीने घोंगावू लागल्यावर. तेव्हाही चित्र अडखळत नसेल आणि बोटं ठेवायच्या कळा चटका देण्याइतक्या तापल्या नसतील, तर खोकं माळ्यावर टाकायला हरकत नाही.